तबेल्यात तडकलेली काडतुसे

भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. पितळ लोखंडासारखे गंजत नाही, म्हणून घागरी आणि पराती पिढ्यान्‌पिढ्या चालतात. तरीही जनावरांच्या मूत्रामुळे हा धातू तडकू शकतो.

ब्रिटिश फौजेला हिंदुस्थानात याचा अनुभव आला. पावसाळ्यात मोहिमा थंडावत आणि दारूगोळा घोड्यांच्या तबेल्यांत ठेवला जाई. पाऊस सरल्यावर पाहावे, तर अनेक पितळी काडतुसांना चिरा गेलेल्या असत. विशेषतः पितळ गोळीभोवती आवळले असेल तिथे. याचे कोडे 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी उलगडले.

मूत्रातील युरियाचे जिवाणूंमुळे विघटन होऊन अमोनिया वायू तयार होतो. तबेल्यात डोळ्यांना झोंबतो तो हाच. धातूवर ओलावा धरला की अमोनिया त्यात विरघळतो आणि हवेतील ऑक्सिजनच्या साथीने पितळातल्या तांब्याला विरघळवू लागतो. एवढ्याने चीर पडत नाही. धातूत ताणही लागतो. काडतूस थंड अवस्थेतच ओढून घडवलेले असल्याने हा ताण त्यात कोंडलेला राहतो. मग धातूच्या सूक्ष्म कणांमधल्या सीमांवरून चीर आत शिरते. वजन फारसे घटत नाही, पृष्ठभाग चांगला दिसतो आणि वस्तू अचानक तडकते.

भांडी घडवतानाही हाच ताण साचतो. थंड पत्रा ठोकला की कडक होतो, म्हणून कारागीर तो मधूनमधून तापवून मऊ करतो. शेवटच्या ठोकणीचा ताण मात्र भांड्यात उरू शकतो. असे भांडे दमट, कोंदट गोठ्यात कायम ठेवणे धोक्याचे.

समुद्रावर धोका आणखी वाढतो. जहाजांच्या संघनकांतील, म्हणजे वाफेचे पाणी करणाऱ्या यंत्रांतील, पितळी नळ्यांमधून खारे पाणी वाहते आणि ते पितळातले जस्त पोखरते. किनाऱ्यालगतच्या पाण्यात मैला किंवा जनावरांची घाण मिसळली, तर अमोनियाची भर पडते. प्राणवायू संपलेल्या गाळात जिवाणू हायड्रोजन सल्फाइडही तयार करतात. ते तांब्याच्या मिश्रधातूंवरील संरक्षक थर बिघडवते.

उपाय धातूच्या घडणीतच आहेत. काडतुसाच्या पितळात सुमारे 30 टक्के जस्त असते. ते 15 टक्क्यांखाली ठेवले तर तडकण्याचा धोका फार कमी होतो. तयार वस्तू सुमारे 250 ते 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की कोंडलेला ताण बराचसा निघून जातो आणि कडकपणाही टिकतो. समुद्री नळ्यांच्या पितळात किंचित आर्सेनिक मिसळतात, म्हणजे जस्त सहज निघून जात नाही. ताण, अमोनिया आणि ओलावा यांपैकी एक जरी दूर केला, तरी तडकणे थांबते.