मालमोटार आणि वाटेची खबर

सफरचंद झाडावरून तोडले म्हणजे ते निर्जीव झाले, असे नव्हे. तोडलेल्या फळाचा श्वासोच्छ्वास चालूच असतो. त्यातून उष्णता निर्माण होते आणि ती बाहेर पडण्यास वाव नसेल तर फळ लवकर पिकून सडू लागते. म्हणून फळांच्या पेट्यांनी भरलेली मालमोटार वाटेत किती तास खोळंबते, यावर बागाइतदाराची वर्षाची कमाई अवलंबून असते.

काश्मीर खोऱ्यातील फळे देशभर नेणारा प्रमुख रस्ता म्हणजे श्रीनगर–जम्मू राष्ट्रीय महामार्ग. चेनानी–नाशरी बोगदा २०१७ मध्ये आणि बनिहाल–काझीगुंड बोगदा २०२१ मध्ये खुला झाल्याने हा प्रवास पुष्कळच सुकर झाला. तथापि रामबन ते बनिहाल या टप्प्यातील डोंगरउतार ठिसूळ असून तेथे वरचेवर दरडी कोसळतात. २०२५ च्या ऑगस्टअखेर झालेल्या अतिवृष्टीने उधमपूरजवळही रस्ता खचला. ऐन हंगामात सफरचंदांच्या मालमोटारी कित्येक दिवस अडकून पडल्या व बराच माल नासला. तेव्हा १३ सप्टेंबरपासून बडगामहून दिल्लीस फळे नेण्यासाठी पार्सल गाडी सुरू करावी लागली.

दरड टाळणे नेहमीच माणसाच्या हाती नसते; परंतु तिची खबर वेळेवर पोहोचविणे मात्र हाती असते. ही खबर मिळते कशी? वाहनातील किंवा चालकाच्या दूरध्वनीतील लहानसे यंत्र कृत्रिम उपग्रहांचे संदेश ग्रहण करते. निदान चार उपग्रहांचे संदेश येण्यास लागलेला वेळ मोजून ते आपले स्थान ठरविते. अशी लागोपाठची स्थाने मिळाली की वेग कळतो. अनेक वाहनांचा वेग एकाच ठिकाणी मंदावल्याचे मध्यवर्ती केंद्रास दिसले, की तेथे कोंडी झाली असे अनुमान निघते.

मात्र वाहने थांबली एवढेच यंत्र सांगते. का थांबली व केव्हा सुटतील, हे ते सांगत नाही. बोगद्यात उपग्रहांचे संदेश पोहोचत नाहीत, खोल दरीत ते अडतात. म्हणून रस्त्यावरील पोलिसाने व दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्याने कळविलेली माहिती तितकीच मोलाची ठरते. या महामार्गावर वाहतूक पोलीस रस्त्याची स्थिती पाहून दररोज सूचनापत्रक काढतात आणि अवजड वाहने कोणत्या दिशेने सोडली जातील, हे त्यात जाहीर करतात.

खबरीचा लाभ एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, एका घाटात दर तासाला १०० मालमोटारी येतात आणि रस्ता सहा तास बंद राहिला. रांगेत ६०० मोटारी जमतील. रस्ता उघडल्यावर तासाला १५० मोटारी सुटत असतील, तर नव्या १०० येतच असल्याने रांग तासाला ५० नेच घटेल व ती संपण्यास आणखी बारा तास लागतील. परंतु बातमी कळताच निम्म्या मोटारी मागेच थांबल्या, तर रांग ३०० चीच होईल आणि तीन तासांत संपेल.

मागे थांबलेल्या मोटारींनाही पुढे वाट द्यावी लागतेच. खबरीने रस्ता रुंद होत नाही. थांबावे कोठे, एवढेच ठरविता येते. पण फळांच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. घाटातील उन्हात थांबण्यापेक्षा मंडईच्या सावलीत थांबणे बरे, शीतगृहात त्याहून बरे. आणि वार्ता बागेपर्यंत आधीच पोहोचली, तर तोडणीच दोन दिवस लांबविता येते. म्हणून ही वार्ता केवळ चालकाला देऊन भागत नाही; आडत्या आणि बागाइतदार यांनाही ती हवी.

शिवाय मोटारगाडीला उपयोगी पडणारी माहिती मालमोटारीला पुरत नाही. पर्यायी रस्त्यावरील पूल किती भार पेलतो, वळण लांब वाहनास झेपेल काय, पुढे थांबण्यास जागा आहे काय, हेही तिला कळले पाहिजे. पीरपंजाल ओलांडणारा मुघल रस्ता नकाशावर पर्याय दिसतो. पण तो हिवाळ्यात बर्फाने बंद होतो आणि सर्वच अवजड वाहनांना सोयीचा नाही.

भाषेचाही प्रश्न आहे. युरोपात १९९० नंतरच्या दशकात रेडिओवरून वाहतुकीच्या बातम्या संख्यांच्या रूपाने धाडण्याची पद्धत आली. एक संख्या घटनेची व दुसरी स्थळाची; ग्राहकयंत्र त्यांचे रूपांतर चालकाच्या भाषेत करी. नाना प्रांतांचे चालक एकाच घाटात गाठ पडणाऱ्या आपल्या देशात या कल्पनेचे महत्त्व उघड आहे.

वाटेच्या खबरीचे मोल ती किती अचूक आहे यावर ठरते, तसेच ती केव्हा मिळाली यावरही. मागे वळण्याची अखेरची जागा ओलांडल्यावर मिळालेली खरी बातमीही चालकाच्या कामी येत नाही.