गणपतीच्या राजूरात उभी राहिली मालगाडीची वाघीण!

आमच्या राजूरला अजून रेल्वे नाही. 2024 मध्ये मंजुरी मिळालेला जालना–जळगाव मार्ग होईल तेव्हा होईल. तोवर माझी वाघीण टेबलावरच!

बनवलीय कोळशाची उघडी ‘बॉक्सएन’, तयार किट न वापरता. प्रमाण एचओ, म्हणजे 1:87. खरी वाघीण कपलरसकट 10,713 मिमी लांब, म्हणून मॉडेल साधारण 123 मिमी. खरं चाक 1,000 मिमीचं, इथे जेमतेम साडेअकरा.

गोची रुळांत आहे. आपला ब्रॉडगेज 1,676 मिमी, त्याला 87 ने भागलं की 19.3 मिमी येतात. बाजारातला एचओ रूळ मात्र 16.5 मिमीचा, कारण तो परदेशी 1,435 मिमीच्या मापाचा. त्यामुळे तयार चाकांवर आपली वाघीण पाय जुळवून उभी असल्यासारखी दिसते. मी तडजोड केली. शुद्धतावाद्यांनी माफ करावं!

सांगाडा 1 मिमी प्लास्टिक शीटचा, उभ्या पट्ट्या अर्ध्या मिमीच्या, हँडल तांब्याच्या तारेचे. पट्ट्या आधी पेन्सिलीने आखा, मगच चिकटवा. माझी एक अख्खी बाजू तिरकी गेली, पुन्हा कापावी लागली. रंग रेड ऑक्साइड. तो वाळला की गेरू आणि कोळशाची पूड कोरड्या ब्रशने कडांवर, कोपऱ्यांत घासा. नवीकोरी वाघीण खोटी वाटते. आत चुलीतला कोळसा कुटून भरलाय.

पुण्याला गेलात तर कोथरूडचं जोशी रेल्वे म्युझियम जरूर बघा. आणि कुणाकडे 19.3 मिमीचा रूळ हाताने बनवण्याचा अनुभव असेल, तर कमेंटमध्ये सांगा.