बिघडली एक, परत दोन

संगणकासाठी दोन रॅम-पट्ट्यांचा संच घेतला आणि त्यातली एक बिघडली, तर वॉरंटीसाठी बहुतेक कंपन्या दोन्ही परत मागतात. धडधाकट पट्टी का द्यायची, हा ग्राहकाचा सवाल रास्त आहे. पण संच घेताना आपण दोन वस्तूंसोबत त्या एकत्र चालण्याची हमीही विकत घेतो. डीडीआर४ रॅमसाठी जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेची मर्यादा ३२०० आहे, म्हणजे सेकंदाला ३२० कोटी हस्तांतरणे. खोक्यावर ३६०० छापलेली जोडी ही मर्यादा ओलांडते, त्यासाठी १.२ व्होल्टऐवजी बहुधा १.३५ व्होल्ट द्यावे लागतात. या गतीला एका बिटच्या वाट्याला जेमतेम ०.२८ नॅनोसेकंद येतात. तेवढ्या वेळात निर्वातातला प्रकाशही सुमारे आठ सेंटिमीटरच पुढे सरकतो. इतक्या काटेकोर हिशोबात दोन्ही पट्ट्यांना एकाच वेळापत्रकावर नाचायचे असते, म्हणून कंपनी त्यांची एकत्र चाचणी घेते.

नवी पट्टी त्याच मॉडेल क्रमांकाची असली तरी पुरत नाही. त्याच क्रमांकाखाली आज एका उत्पादकाच्या चिप असतील, तर सहा महिन्यांनी दुसऱ्याच्या. ‘वेगवेगळ्या पट्ट्या लावूनही संगणक चालतोच की,’ असे कोणी म्हणेल. चालतो, पण अनेकदा गती कमी करून; आणि छापील गतीला चाललाच, तरी चुका लगेच दिसतीलच असे नाही. मेमरीतला एक बिट उलटला तर संगणक बंद पडेलच असे नाही. एखादी फाइल मात्र गुपचूप बिघडू शकते.

तरीही ही अट सरसकट लावणे योग्य नाही. प्रमाणित गतीच्याच पट्ट्या जोडीने विकल्या असतील, तर एकत्र चाचणीचा मुद्दा बराच लंगडा पडतो. तिथे एकच पट्टी बदलून द्यायला हरकत नसावी. ग्राहकानेही आधी खातरजमा करावी. बायोसमधली जादा गती बंद करून, एकेक पट्टी त्याच खाचेत लावून मेमटेस्ट८६ हा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम चालवावा. दोन्ही पट्ट्या निर्दोष ठरल्या, तर दोष खाचेत, मदरबोर्डात किंवा गतीच्या सेटिंगमध्ये असू शकतो. पट्टीच दोषी निघाली आणि संच जादा गतीचा असेल, तर दोन्ही एकत्रच पाठवाव्यात. वीज गेली की रॅममधला मजकूर पुसला जातो, त्यामुळे खासगी माहितीची धास्ती नको. खोके आणि पावती मात्र वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवा.