आधी हिशेब, मग किल्ली

बंगळूरहून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेकडे निघाले की होसकोटे लागते. होसकोटे म्हणजे नवा किल्ला. शहाजीराजांच्या बंगळूर जहागिरीत हा परगणाही होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस येथे व्होल्वो कंपनीचा मालमोटारींचा कारखाना उभा राहिला आणि या गावाचा चेहरा पालटू लागला. नम्म मेट्रोची जांभळी मार्गिका २०२३ मध्ये व्हाइटफील्डपर्यंत पोहोचली, परंतु होसकोटे त्याच्याही पलीकडे आहे. त्यामुळे नोकरीनिमित्त येथे घर केलेल्या कुटुंबाला मोटार ही चैन वाटत नाही, ती गरज वाटते. गरजवंताला अक्कल नसते असे म्हणतात, आणि विक्रीदालनातील चतुर विक्रेता नेमके हेच जाणून असतो.

दोन किमतींमधील दरी

समजा, असे एक मराठी कुटुंब आठ लाखांची मोटार पाहावयास जाते. जाहिरातीत असते ती दालनातील किंमत. हातात पडणाऱ्या कागदावर मात्र रस्त्यावर येईपर्यंतची किंमत असते. या दोहोंमधील काही रकमा न्याय्य आहेत. कर्नाटकात पाच ते दहा लाखांच्या मोटारीवर १४ टक्के आजीवन कर व त्यावर अधिभार द्यावा लागतो. मोटार दहा लाखांहून अधिक किमतीची असल्यास २०१६ पासून एक टक्का रक्कम प्राप्तिकरापोटी विक्रेता गोळा करतो. ती ग्राहकाच्या प्राप्तिकर खात्यात जमा होते व विवरणपत्रात वळती करून घेता येते. अनेकांना हे ठाऊक नसल्याने ती रक्कम वायाच जाते.

खरा प्रश्न असतो तो ‘हाताळणी’, ‘वाहतूक’, ‘आवश्यक संच’ अशा मोघम शीर्षकांचा. त्यांपैकी कोणती रक्कम शासनाकडे जाते आणि कोणती विक्रेत्याच्या गल्ल्यात, हे ग्राहकाने एकेक ओळीवर बोट ठेवून विचारावे. शासकीय रकमेची पावती मिळते. ज्या रकमेची पावती मिळत नाही, ती देण्याचे कारणही नसते.

विम्याची सक्ती

मोटारीच्या मूळ विक्रीत वितरकाला सुटणारा नफा बहुधा बेताचाच असतो. तो भरून निघतो विमा, कर्ज व जोडसामान यांवरील कमिशनातून. ‘विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल, अन्यथा गाडी मिळण्यास विलंब होईल’ या वाक्याचे मूळ तेथे आहे. वस्तुस्थिती अशी की, १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा अनिवार्य आहे, परंतु तो कोणत्या कंपनीकडून घ्यावा हे ठरविण्याचा अधिकार ग्राहकाचा आहे. वितरकांमार्फत होणाऱ्या विमाविक्रीसाठी विमा नियामक प्राधिकरणाने २०१७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे लागू केली, त्यांनाही ही सक्ती मान्य नाही. दोन-तीन कंपन्यांचे दर आधीच मागवून ठेवल्यास दालनातील आकडा पुष्कळदा आपोआप खाली येतो.

व्याजाचे दोन चेहरे

‘केवळ सात टक्के’ हा शब्दप्रयोग बँकेच्या ग्राहकांनी विशेष तपासावा. पाच लाखांच्या कर्जावर पाच वर्षांसाठी सरळ सात टक्के आकारले, तर व्याज १,७५,००० रुपये आणि मासिक हप्ता ११,२५० रुपये होतो. येथे व्याज सर्व काळ मूळ पाच लाखांवरच मोजले जाते. वास्तविक प्रत्येक हप्त्यागणिक मुद्दल घटत असते. घटत्या शिलकेच्या पद्धतीने पाहिल्यास हाच दर सुमारे साडेबारा टक्के भरतो. म्हणजेच घटत्या शिलकेवर दहा टक्के मागणारी बँक या ‘सात टक्क्यां’पेक्षा स्वस्त पडते!

‘शून्य टक्के व्याज’ ही कल्पनाच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना स्पष्टपणे कळविले होते. त्या योजनेत सोडलेली सवलत किंवा प्रक्रिया शुल्क हेच व्याजाचे दुसरे नाव असते. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्जदाराला ठळक माहितीचे विवरणपत्र देणे बँका व वित्तसंस्थांना बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर दिलेला असतो. तुलना करावयाची ती याच दराची.

गोव्यातील एक निकाल

नवी म्हणून जुनी मोटार पदरात पडणे, हा फसवणुकीचा सर्वांत क्लेशकारक प्रकार. गोव्यातील एका ग्राहकाने २०११ सालच्या नव्या मोटारीचे पैसे मोजले. त्याला मिळालेली मोटार २००९ सालची असून ६२२ किलोमीटर धावलेली होती, अशी त्याची तक्रार होती. ग्राहक न्यायासनांनी त्याच्या बाजूने कौल दिला. टाटा मोटर्सच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२१ रोजी निर्णय दिला. वितरकाच्या कृत्याची माहिती उत्पादकाला होती असे सिद्ध झाले नाही, म्हणून उत्पादकाला जबाबदार धरता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. वितरकाची जबाबदारी मात्र टळली नाही.

यातील बोध महत्त्वाचा आहे. दारावरील पाटी मोठ्या कंपनीची असली, तरी व्यवहार होतो तो वितरकाशी. म्हणून अखेरचा हप्ता देण्यापूर्वी चासी क्रमांक, इंजिन क्रमांक व उत्पादनाचा महिना-वर्ष प्रत्यक्ष वाहनावर व विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे नमुना २१ वर, ताडून पाहावा. किलोमीटरदर्शकाचे छायाचित्रही काढून ठेवावे.

दाद कोठे मागावी?

मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये स्थापन झाली, ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी आला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आहे. त्यानुसार ग्राहक जेथे राहतो वा नोकरी करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. बदलीमुळे गाव सोडलेल्यांना ही मोठीच सोय आहे. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग पुरेसा होतो. पाच लाखांपर्यंत शुल्कही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. प्रारंभी राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या १९१५ या क्रमांकावर संपर्क साधावा.

तक्रारीचे बळ कागदात असते. तोंडी आश्वासन लेखी मागावे, आगाऊ रक्कम धनादेशाने वा खात्यातून द्यावी आणि ती परत मिळण्याच्या अटी नोंदणीपत्रावर वाचूनच सही करावी. ‘ही सवलत आजच्यापुरतीच’ असे सांगितले जाईल. अशा वेळी कागद घेऊन घरी यावे, रात्री शांतपणे बेरीज करावी, शंका असल्यास शाखेतील कर्ज अधिकाऱ्यास दाखवावी. मोटार पुढे दहा वर्षे वापरावयाची असते, त्यापुढे एका रात्रीचा विलंब काहीच नाही.