मामा तलावातला गाळ काढला, तरी शेताला पाणी का मिळत नाही? जाणून घ्या गणित

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत धानशेतीचा जुना आधार म्हणजे मामा तलाव. मामा म्हणजे 'माजी मालगुजारी'. मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. गावाने मिळून पाळ बुजवायची, पाट साफ करायचे, ही रीत मात्र हळूहळू मोडत गेली. तलावांत गाळ साचला, काठावर बेशरम माजली.

गाळ काढल्याने किती पाणी वाढते?
एक हेक्टर जागेतला 30 सेंटिमीटर गाळ काढला, तर 3,000 घनमीटर, म्हणजे 30 लाख लिटर पाण्याची जागा होते. पण हे सगळे पाणी शेतात जात नाही.

अडते कुठे?
पाटाला पाणी जाते ते गेटमधून. गेटच्या पातळीखालचा गाळ काढला, तर तिथले पाणी आपोआप पाटात चढत नाही. ओलितासाठी गेटच्या वरच्या थरातला गाळ काढावा लागतो. शिवाय गेट गळत असेल किंवा पाट बुजले असतील, तर नुसत्या खोदकामाचा उपयोग नाही.

मग खालचे पाणी वाया जाते का?
नाही. उन्हाळ्यात मासे, जनावरे आणि पक्षी याच पाण्यावर जगतात. बोटिंगही त्यावरच चालते. गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांध तलाव पर्यटकांना माहीत आहे. तो 18 व्या शतकात कोहळी समाजातल्या कोलू पाटलांनी बांधल्याचे सांगितले जाते.

वाद कशावरून होतो?
धान निसवताना पावसाने दडी मारली, की शेतकऱ्याला गेट उघडून हवे असते. मासेमारी करणारे ढिवर आणि बोटवाले यांना पाणी टिकायला हवे असते. पाणी किती खाली न्यायचे, हे हंगामाआधीच ठरवून गेटजवळ खूण केली, तर ऐनवेळचे भांडण टळते.

खोदताना काय टाळावे?
- पाळीच्या पायथ्याशी खोदू नये. पाळ कमकुवत होते.
- तळाचा चिकणमातीचा थर फोडू नये. पाणी झिरपून जाते.
- सगळा काठ उभा कापू नये. उथळ पाण्यात पक्षी चरतात, मासे अंडी घालतात.

सुपीक गाळ शेतात टाकता येतो. राज्य सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना 2017 मध्ये याच विचारातून आली. मात्र जेसीबी लावण्याआधी गावाने एक गोष्ट ठरवायला हवी: वाढलेले पाणी नेमके कोणासाठी?