काठी, सूर्यफूल आणि झेंडा

टेलिफोन एक्स्चेंज चौकातून मेट्रो पकडणाऱ्या लकडगंजकरांना लिफ्टजवळचं व्हीलचेअरचं चिन्ह ओळखीचं असेलच. ते १९६८ मध्ये सुझान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने काढलं. तिच्या चित्रात फक्त खुर्ची होती! डोक्याचा गोल नंतर जोडला गेला आणि खुर्चीत माणूस आला.

पण प्रत्येक अपंगत्वाला चाकं नसतात. दिसायला धडधाकट, पण ऑटिस्टिक किंवा अपस्मार असलेल्या व्यक्तीसाठी गळ्यातल्या हिरव्या पट्ट्यावरची सूर्यफुलं आहेत. सुरुवात २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर झाली. पांढरी काठी अंधांची. तिच्यावर लाल पट्टे असतील तर अनेक देशांत त्याचा अर्थ, या व्यक्तीला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. तिथे हॉर्न वाजवून काय उपयोग?

मला सगळ्यांत भावतो तो अपंगत्वाच्या अभिमानाचा झेंडा. अ‍ॅन मॅगिल यांनी २०१९ मध्ये केलेल्या झेंड्यात विजेसारख्या नागमोडी रेषा होत्या. स्क्रीनवर त्या लुकलुकायच्या. मायग्रेन आणि अपस्मार असलेल्यांना त्रास व्हायचा. लोकांनी सांगितलं, त्यांनी ऐकलं. २०२१ मध्ये काळसर पार्श्वभूमीवर सरळ, तिरपे, सौम्य पाच पट्टे आले: लाल शारीरिक, सोनेरी मेंदूच्या वेगळेपणाचा, पांढरा न दिसणाऱ्या किंवा निदान न झालेल्या, निळा मानसिक आणि हिरवा संवेदनांशी संबंधित अपंगत्वाचा.

शब्दांचंही तसंच. सरकारी कागदावर ‘दिव्यांग’ असतं, पण कित्येकांना साधं ‘अपंग’ किंवा ‘अंध’ म्हटलेलंच आवडतं. तेव्हा समोरच्यालाच विचारा, आणि तो सांगेल तोच शब्द वापरा.