रजेचा डॅशबोर्ड: कोण नाही ते दिसू द्या, का नाही ते नको

पतसंस्था, महाविद्यालय, कांद्याचं खळं, महामार्गावरचा पेट्रोलपंप, ट्रॅक्टरची एजन्सी. चांदवडसारख्या तालुक्याच्या गावात नोकरी म्हटलं की साधारण अशीच दहा-वीस माणसांची आस्थापना डोळ्यासमोर येते. मस्टर आणि रजेच्या अर्जांची फाईल सोडून अशी ठिकाणंही आता गूगल शीटवर किंवा हजेरीच्या ॲपवर येऊ लागली आहेत. आज कोण रजेवर, कुणाची किती रजा शिल्लक, कोणत्या महिन्यात माणसं कमी पडतात, हे सगळं एका पडद्यावर दाखवणारा डॅशबोर्ड त्यातून तयार होतो आणि साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर जातो. त्याची सोय नाकारण्यात अर्थ नाही. एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा काढणीला आला की अनेकांच्या घरी शेतात हात कमी पडतात. त्या रजा आधीच दिसल्या तर काउंटर रिकामं पडत नाही. मात्र या तक्त्याबद्दल काही चुकीचे समजही सोबत आले आहेत.

‘रजेचं कारण सगळ्यांना दिसलं की पारदर्शकता येते’

सहकाऱ्याला एवढंच कळायला हवं, की मंगळवारी अमुक माणूस कामावर नाही आणि त्याचं काम तमुक बघणार आहे. कारण त्याच्या कामाचं नसतं. रजेचा नुसता प्रकारसुद्धा बरंच काही बोलून जातो. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची आणि स्त्रीच्या कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांची पगारी रजा मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदींत आहे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाची चौकशी चालू असताना तक्रारदार स्त्रीला तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस चौकशी समिती करू शकते, आणि लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा तिची ओळख व चौकशीचा तपशील जाहीर करायला मनाई करतो. आता ‘रजेचा प्रकार’ हा रकाना सगळ्या स्टाफला दिसत असेल, तर समितीने तोंड बंद ठेवून उपयोग काय? सर्वांसाठीच्या तक्त्यात ‘रजेवर’ हा एकच शब्द पुरे. प्रकार ज्याचा त्याला, रजा मंजूर करणाऱ्याला आणि पगारपत्रक करणाऱ्याला दिसावा.

‘नावं काढली की माहिती निनावी होते’

हा सगळ्यात घट्ट बसलेला समज. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या विम्याची माहिती नावं गाळून संशोधनासाठी दिली गेली होती. लतान्या स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी होत्या. 1997 च्या सुमारास त्यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी 20 डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही याद्या जुळवल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले मतदार निघाले सहा, त्यांतले पुरुष तीन, आणि वेल्ड यांच्या पिनकोडमधला एकच. खुद्द गव्हर्नरांच्या आजारपणाची नोंद हाती आली.

चांदवडला मतदारयादीचीही गरज नाही. बारा जणांच्या शाखेत ‘रोख विभाग, आजारपणाची रजा 9 दिवस’ असं लिहिलं आणि रोखपाल एकच असला, तर नाव गाळून काय लपलं? वसतिगृहाची अधीक्षक एक, ग्रंथपाल एक, ड्रायव्हर दोन. गावात कोण कुठल्या दवाखान्यात दिसलं हे संध्याकाळपर्यंत कळतंच. तक्ता त्यावर फक्त शिक्का मारतो. आकडेवारीच्या कामात सर्रास पाळला जाणारा एक संकेत इथे उपयोगी पडतो: गटात पाचपेक्षा कमी माणसं असतील तर त्या गटाचा आकडा वेगळा दाखवायचा नाही, मोठ्या गटात मिसळायचा. त्यातही एक मेख आहे. एकच विभाग लपवला, पण एकूण बेरीज आणि बाकीचे विभाग दाखवले, तर लपवलेला आकडा वजाबाकी करून कुणालाही काढता येतो. खरं सांगायचं तर बारा जणांच्या ऑफिसला विभागवार आलेख लागतच नाही. महिनावार एकूण रजा दाखवल्या तरी नियोजन होतं.

‘कॉलम हाइड केला, आता कोण बघतंय?’

एक्सेलमधला लपवलेला कॉलम दोन क्लिकमध्ये उघडतो. पिव्हट टेबल पाठवलं, तर त्यातल्या बेरजेवर डबल क्लिक केल्यावर तिच्यामागच्या सगळ्या ओळी बहुधा नावांसकट समोर येतात. ऑगस्ट 2023 मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर म्हणून एक एक्सेल फाईल दिली. तिच्या लपलेल्या शीटमध्ये दलातल्या 9,483 जणांची माहिती होती आणि ती इंटरनेटवर गेली. पुढच्या वर्षी दंड झाला साडेसात लाख पौंडांचा. म्हणून मूळ शीट वेगळी ठेवावी आणि वाटायच्या शीटमध्ये फक्त तयार आकडे आणावेत. व्हॉट्सॲप ग्रुपवर फाईल टाकणं तर बंदच करा. नोकरी सोडून गेलेला माणूसही त्या ग्रुपमध्ये बहुतेक असतोच.

‘ज्याच्या नावापुढे जास्त लाल, तो कामचुकार’

ब्रिटनमध्ये ब्रॅडफर्ड गुणांक नावाचं गणित वापरतात: गैरहजेरी किती वेळा झाली त्याचा वर्ग, गुणिले एकूण दिवस. सलग दहा दिवस रजा घेणाऱ्याचे गुण 10 होतात. तेच दहा दिवस एकेक करून घेतले तर 1,000. दांडीबहाद्दर त्यात सापडतोही. पण डायलिसिससाठी ठरलेल्या वारी जाणाराही त्याच आकड्यात सापडतो. आकड्याला दोघांतला फरक कळत नाही, तो विचारून घ्यावा लागतो. उलट, वर्षभर एकही रजा न घेणारा म्हणजे निष्ठावान, हेही खरं नाही. संवेदनशील पदांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, आधी न कळवता, सलग किमान दहा कामाचे दिवस रजेवर पाठवावं, असं रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सांगितलं आहे. गडबड असेल तर ती माणूस जागेवर नसतानाच बाहेर पडते.

‘डॅशबोर्ड दाखवतो तीच शिल्लक’

डॅशबोर्ड हक्क देत नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, तो लागू असेल तिथे, वर्षाला 8 नैमित्तिक रजा आहेत, आणि 240 दिवस काम भरलं तर दर 20 दिवसांमागे एक दिवस पगारी रजा, तिचा साठा 45 दिवसांपर्यंत. पडद्यावर कमी दिसलं तर रजेची नोंदवही मागा.

राहिला प्रश्न, ही माहिती वापरायला कर्मचाऱ्याची संमती लागते का, हा. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवाय माहिती वापरू देतो, हे बरोबर. पण शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं कुतूहल हे नोकरीचं कारण नव्हे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यांत 18 महिन्यांची मुदत आहे. सुरक्षेच्या उपायांत हयगय केल्यास दंडाची कमाल मर्यादा आहे 250 कोटी रुपये.